धुणं, कूलर आणि चोंदलेलं नाक: नागपुरातल्या एका घराचा प्रकरण अभ्यास

नंदनवन भागातलं दुमजली घर. शेजारी रिकामा प्लॉट, मागे बोअरवेल, छतावर सोलर. घरात पाच माणसं: सासूबाई, नवरा-बायको आणि दोन मुलं. बायको शाळेत शिक्षिका, चाळिशीच्या उंबरठ्यावर, रोज गाडीनं सीताबर्डीला जाणं-येणं. ती माझी जुनी विद्यार्थिनी. मी गृहविज्ञानात कपड्यांची निगा हा विषय शिकवते, म्हणून ती माझ्याकडे आली. तिच्या संमतीनं हे लिहिते आहे आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

तक्रार तिनं एका वाक्यात सांगितली: "मॅडम, मला धुण्याचीच ॲलर्जी झाली आहे." सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ, नाकातून पाणी, टाळूला आणि डोळ्यांना खाज. अंथरूण आवरताना हा त्रास वाढायचा. संध्याकाळी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना पुन्हा. आणि दिवाणाचं झाकण उघडलं की सगळ्यात जास्त. तिचा संशय वॉशिंग पावडरवर होता. दुकानात मिळतील तेवढ्या पावडरी बदलून झाल्या होत्या, 'जंतू मारणारं' म्हणून विकलं जाणारं महागडं द्रावणही आणून झालं होतं. फरक शून्य.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी त्वचेची चाचणी केली होती. त्यासाठी काही दिवस आधी ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर चाचणी खोटी निर्धास्त करते; ते तिनं पाळलं होतं. निकालात डस्ट माइटला, म्हणजे अंथरुणात राहणाऱ्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याला, जोरदार प्रतिक्रिया होती, गाजर गवताच्या परागांना मध्यम. नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे आणि लागेल तशी गोळी असं औषध लिहून मिळालं. सोबत एक सल्ला: घरातली धूळ टाळा. पाच माणसांच्या घरात आणि नागपुरात धूळ टाळायची म्हणजे नेमकं काय करायचं, याचं उत्तर त्या कागदावर नव्हतं. प्रकरण खरं तिथून सुरू होतं.

मे महिन्याचं कोडं

आधी तिला एकच काम दिलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, जिथं दुधाचा हिशोब लिहितात तिथंच, त्रासाच्या दिवशी खूण करायची. बाजूला त्या दिवशी कपड्यांचं कोणतं काम झालं तेही. तिच्या आठवणीतलं आधीचं वर्षही आम्ही त्यात जमेल तसं भरलं.

जुलै ते सप्टेंबर वाईट निघाले, ते अपेक्षितच होतं. दिवाळीच्या आसपास वाईट, तेही समजण्यासारखं. पण एप्रिलच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंतचा काळ जवळपास पावसाळ्याइतकाच वाईट होता. इथं मी अडखळले.

कारण डस्ट माइट हा कोरड्या हवेत तग धरणारा प्राणी नाही. पाव ते तृतीयांश मिलिमीटरचा, कोळ्याच्या कुळातला हा जीव आपल्या अंगावरून झडलेल्या कातडीच्या कणांवर जगतो. तो पाणी पीत नाही, हवेतली वाफ शोषून घेतो. सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या पुढे गेली की त्याचं चांगलं फावतं. ५० टक्क्यांखाली दिवसचे दिवस राहिली तर तो वाळत जातो. नागपूरचा मे म्हणजे पारा ४५ अंशांवर आणि दुपारची आर्द्रता २०-२५ टक्के. या हवेत पापड तासाभरात वाळतो, तिथं माइटनं जगावं कसं?

उत्तर खिडकीत बसवलेलं होतं. कूलर. विदर्भात उन्हाळ्यात कूलरशिवाय घर नाही, आणि कूलर थंड करतो तो पाणी उडवूनच. खिडकी-दार किलकिलं ठेवून ओली हवा बाहेर जाऊ दिली तर तो नीट चालतो. या घरात 'गार हवा बाहेर जाते' म्हणून झोपण्याची खोली बंद असायची. साध्या डिजिटल आर्द्रतामापकानं रात्री मोजलं, तेव्हा बाहेर रखरखाट आणि पलंगाजवळ आकडा ७५च्या वर. त्यात माणसाच्या घामाची आणि श्वासाची ओल गादीत मुरते ती वेगळीच. माइटला रोज काही तास ओल मिळाली तरी तो उरलेला कोरडा दिवस निभावतो. म्हणजे बाहेर मे होता आणि गादीत ऑगस्ट. कूलरच्या ताट्याही (ज्यांवरून पाणी झिरपतं ते जाळीतले थर) गेल्या उन्हाळ्यातल्याच, टाकीतलं पाणी आठवडाभर न बदललेलं. पहिल्या झोतात जो कुबट वास यायचा तो बुरशीचा होता.

म्हणून या घरात कपड्यांच्या निगेची पहिली पायरी धुण्याच्या जागी नव्हतीच. दाराची फट उघडी ठेवणं, ताट्या बदलणं, टाकी दोन-तीन दिवसांनी रिकामी करून घासणं, आणि पहाटे कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवणं, एवढ्यानं खोलीतला आकडा बराच खाली आला. टाकीत डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून हे करायला सगळेच सांगतात. नाकासाठीही तेच उपयोगी पडलं.

नाकाला लागून काय असतं?

माइटचा ॲलर्जी करणारा भाग म्हणजे मुख्यतः त्याची विष्ठा. हे कण तुलनेनं जड असतात. ढवळले की उडतात आणि अर्ध्या तासाच्या आत खाली बसतात. मांजराच्या ॲलर्जीचे कण तासन् तास हवेत तरंगतात, तसं यांचं नाही. ही गोष्ट लक्षात घेतली की सगळं प्रकरण बदलतं. खोलीभर पसरलेल्या धुळीची चिंता मागे पडते आणि दोन प्रश्न उरतात: नाक कशावर टेकलेलं असतं, आणि कापड झटकताना समोर कोण उभं असतं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर उशी. तिच्या उशीत सावरीचा कापूस होता, लग्नातला. अभ्रा दर आठवड्याला धुतला जायचा, पण आतली उशी कधीच नाही, कारण सावरीची उशी धुता येत नाही. ती बाजूला काढली, धुता येईल अशी उशी घेतली आणि तिला घट्ट विणीची, चेनची खोळ शिवली.

पण उशीच्याही आधी एक गोष्ट माझ्या नजरेत आली, आणि ती मला या प्रकरणातली सर्वांत नागपुरी गोष्ट वाटते: स्कार्फ. उन्हापासून वाचायला इथल्या मुली-बायका गाडीवर डोकं, कान, नाक सगळं गुंडाळून घेतात. तिचा स्कार्फ सुती, सुरेख होता, आणि डिकीत राहायचा. सिमेंट रस्त्यांच्या कामाची धूळ, रिकाम्या प्लॉटवरचे पराग, घाम, हेल्मेटच्या अस्तराचा मळ, हे सगळं रोज सकाळ-संध्याकाळ नाका-तोंडावर करकचून बांधलं जायचं. धुणं कधी? "मळलेला दिसला की." गडद रंगाचा स्कार्फ मळलेला दिसतच नाही. आता पाच-सहा फिक्या रंगाचे स्कार्फ आहेत, रोजचा वेगळा, घरी आल्याबरोबर बादलीत. हेल्मेटचं अस्तर निघणारं होतं, हे तिला वर्षभर माहीत नव्हतं. तेही आता धुतलं जातं. खर्च नगण्य. माझा अंदाज असा की खोळीपेक्षा याचा गुण जास्त आला असावा, पण तो सिद्ध करता येणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरात उघड बोलायला अवघड होतं. चादरी झटकणं, मळके कपडे वेगळे करणं, घड्या घालणं, दिवाण उपसणं ही सगळी कामं तीच करायची. घरातलं सर्वांत नाजूक नाक सर्वांत धुळीच्या कामाला. नवरा म्हणाला, "मला सांगितलं असतं तर केलं असतं." बरेच नवरे असंच म्हणतात. आता अंथरूण तो आवरतो, ती त्या वेळी स्वयंपाकघरात असते, आणि अर्धा तास झोपण्याच्या खोलीत जात नाही. ज्या दिवशी तिलाच करावं लागतं त्या दिवशी एन-९५ मास्क. चादर झटकायची नाही, कडा आत दुमडून गुंडाळी करायची आणि तशीच मशीनकडे न्यायची. झटकल्यानं कण चादरीतून जातात कुठं? झटकणाऱ्याच्या तोंडावर.

पाणी किती गरम?

साध्या थंड पाण्यात धुतल्यानं काही होत नाही असं नाही. माइटच्या विष्ठेतला मुख्य घटक पाण्यात विरघळतो, त्यामुळे थंड धुण्यातही तो बराचसा निघून जातो. मात्र जिवंत माइट धाग्यांना धरून राहतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा तेच. त्यांना मारायला ५५ अंश सेल्सियसच्या वरचं पाणी दहा मिनिटांहून जास्त लागतं; ६० अंश धरले तर चिंता नाही.

घरात सेमी-ऑटोमॅटिक मशीन. ते पाणी तापवत नाही, आणि अशा मशीनच्या प्लॅस्टिकच्या टबात किती गरम पाणी चालतं ते माहितीपुस्तिकेत बघावं लागतं. इथं ६० अंश चालत नव्हते. समोरून उघडणारं, आत हीटर असलेलं मशीन घ्यावं का, यावर नवरा-बायकोची बरीच चर्चा झाली. ते घ्यायला हरकत नव्हती, पण छतावरच्या सोलरमधून दुपारी निघणारं पाणी स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरनं मोजलं तर ६०च्या वर भरलं. मग मशीनची गरज उरली नाही.

इथं सासूबाईंनी प्रकरण हातात घेतलं. तोवर त्यांचं म्हणणं होतं, "आमच्या वेळी कोणाला होती जी ही ॲलर्जी?" गरम पाण्याचं ऐकल्यावर त्यांना परटाची भट्टी आठवली. धुण्याच्या सोड्यात भिजवलेल्या पांढऱ्या कपड्यांना तो भट्टीवर वाफ द्यायचा, आणि बाळंतिणीच्या खोलीतली दुपटी घरीच मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळली जायची. त्यांनी तोच गंज माळ्यावरून काढायला लावला. आता दर रविवारी दुपारी चादरी, अभ्रे आणि टॉवेल गंजात घालून वर सोलरचं पाणी, झाकण ठेवून वीस मिनिटं, मग मशीनमध्ये नेहमीसारखं धुणं. पाणी ओतायचं काम मोठ्यांचंच आणि मुलं त्या वेळी खाली, हा नियम सासूबाईंचा. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं.

पावसाळ्यात सोलर साथ देत नाही, तेव्हा गीझर. रंग जाणारे, रेशमी, लोकरी कपडे या वाटेनं जात नाहीत हे सांगायला नकोच. तिचा भंडाऱ्याचा कोसा (रेशमी साडी) आणि मुलांचे स्वेटर यांच्यासाठी वेगळी युक्ती: प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन दिवस फ्रीजरमध्ये. थंडीनं माइट मरतात, पण कण कापडातच राहतात, म्हणून नंतर स्वेटर हलक्या हातानं धुवावा लागतो आणि कोसा ड्रायक्लीनला. ड्रायक्लीनहून आलेली साडी प्लॅस्टिकमधून काढून दिवसभर मोकळ्या हवेत टांगायची, मगच आलमारीत.

आता पावडरीचा मुद्दा. तिचा संशय अगदीच निराधार नव्हता. १९६०च्या दशकाच्या अखेरीस एन्झाइमवाल्या पावडरी बनवणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांना खरोखरच दमा झाल्याच्या नोंदी आहेत. त्यानंतर एन्झाइमचे दाणे वेष्टनात येऊ लागले, आणि घरात वापरताना तो धोका फार उरत नाही. पण उग्र सुगंध चिडलेल्या नाकाला सहन होत नाही. ती ॲलर्जी नसते, नुसती जळजळ असते, शिंका मात्र त्याच. शिवाय बोअरवेलच्या जड पाण्यात मळ निघत नाही म्हणून जास्त पावडर टाकली जायची, एकदाच खळबळलं जायचं, आणि वाळलेला टॉवेल पापडासारखा कडक होऊन त्यातून भुकटी झडायची. नळाचं पाणी पुरेसं येतं तेव्हा शेवटचं खळबळणं त्यातच, एक जास्तीचं. पावडरऐवजी बिनवासाचं द्रव डिटर्जंट, मापानं. सुगंधी कंडिशनर बंद. एवढं पुरलं.

दोरी कुठं बांधायची?

छतावरची दोरी रिकाम्या प्लॉटच्या बाजूला होती. १९५०च्या दशकात पुण्याजवळ पहिल्यांदा नोंदवलं गेलेलं गाजर गवत आता विदर्भातला एकही मोकळा प्लॉट सोडत नाही. पावसाळ्यात ते माजतं आणि दिवाळीच्या पुढेपर्यंत पांढऱ्या फुलांनी भरलेलं असतं. ओल्या कपड्यावर पराग चिकटतात, आणि तोच कपडा संध्याकाळी छातीशी धरून खाली आणला जातो. दोरी दुसऱ्या बाजूला, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला नेली. त्या महिन्यांत चादरी आणि अभ्रे घरातच वाळतात, बाकीचे कपडे दुपारी लवकर काढले जातात. प्लॉटचा मालक सापडेना, तेव्हा शेजाऱ्यांनी मिळून फुलावर येण्याआधीच गवत उपटलं. उपटणाऱ्यांत ती नव्हती. हातमोज्यांशिवाय तर कोणीच उपटू नये, त्वचेवर पुरळ येतं.

पावसाळ्याची अडचण उलटी. चार दिवस ऊन नाही, दोऱ्या खोलीत, तीही झोपण्याच्या. पिळलेल्या एका खेपेतून खोलीत दोनेक लिटर पाणी उडतं. म्हणजे कपडे वाळत होते आणि गादी भिजत होती. आता दोऱ्या जिन्याच्या बोळात, खिडकी उघडी, पंखा सुरू, आणि मशीनमध्ये दोनदा पिळणं. कपड्यांना येणारा ओलसर वास मोराक्सेला नावाच्या जीवाणूमुळे येतो, माइटमुळे नाही. तो झाकायला सुगंध ओतला की नाकाला दुहेरी मार. लवकर वाळवणं आणि गरम पाणी हाच त्यावर उपाय.

दिवाण, डांबरगोळ्या आणि गोधडी

दिवाणात वर्षभर बंद असलेली ब्लँकेटं, गाद्या, सोलापुरी चादरी आणि कोपऱ्याकोपऱ्यात डांबरगोळ्या. नॅफ्थलिनची वाफ नाकाला झोंबते ही त्यातली लहान गोष्ट. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यातून रक्तपेशी फुटण्याचा त्रास होऊ शकतो, ही मोठी. गोळ्या काढल्या. सासूबाईंनी त्याजागी वेखंडाची पूड सुचवली. पुडीऐवजी वेखंडाचे तुकडे कापडात बांधून ठेवायचं ठरलं, कारण पूडही नाकात जातेच.

उपसण्याचा मुहूर्त बदलला. दिवाळीच्या साफसफाईत सगळं बाहेर काढायची रीत, आणि नेमकं तेव्हाच गाजर गवत भरात. आता जाड अंथरुणं मे महिन्यात, पावसाच्या आधी, छतावर टाकतात. नागपूरचं ऊन इतका ताप देतं, तर घ्यावा त्याचा उपयोग. तापलेल्या स्लॅबवर गडद ब्लँकेट दुपारभर उलटसुलट केलं की माइट उष्णतेनं आणि कोरडेपणानं मरतात. मेलेल्यांचे कण मात्र उन्हानं जात नाहीत. म्हणून नंतर धुणं, आणि धुता येत नाही ते छतावरच दुसऱ्या कोणीतरी झोडपून, खोळीत भरून, कोरडं असतानाच दिवाणात.

गोधडीचा प्रश्न एवढा सरळ नव्हता. सासूबाईंच्या आईच्या लुगड्यांची ती गोधडी, आणि ती सुनेनं पांघरावी असा त्यांचा आग्रह. डॉक्टरांनी 'जुन्या गोधड्या काढून टाका' म्हटलं होतं. मला तो सल्ला रुचला नाही. सुती गोधडी गरम पाण्यात धुता येते. प्रश्न वजनाचा आणि वाळण्याचा आहे. मार्च ते मे दर महिन्याला एकदा धुणं, उन्हाळ्यात एका दुपारी ती खडखडीत वाळते. पावसाळ्यात ती वापरायचीच नाही. थंडीत सुती खोळ घालून.

काय केलं नाही, काय साधलं

माइटरोधक खोळींचा पूर्ण संच, म्हणजे गादीला, उशीला, पांघरुणाला, घ्यायचा तिचा विचार होता. २००३ साली नेदरलँड्समध्ये नाकाच्या ॲलर्जीच्या रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत अशा खोळींनी गादीतलं माइटचं प्रमाण घटलं, पण रुग्णांचा त्रास साध्या खोळी वापरणाऱ्यांपेक्षा कमी झाला नाही. एकट्या एका उपायावर हजारो रुपये घालण्याआधी हे माहीत असावं. आम्ही फक्त उशीची खोळ ठेवली.

वर्षभरानंतर कॅलेंडरवरच्या खुणा निम्म्याहून कमी झाल्या. सर्वांत मोठा फरक मे-जूनमध्ये. ऑक्टोबरचा त्रास मात्र जेमतेम उतरला. पराग बाहेर आहेत, शाळेत जावंच लागतं. स्प्रे सुटलेला नाही आणि तो आपल्या मनानं सोडायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं आहे. याच वर्षात ती स्प्रे पहिल्यांदाच नेमानं घेऊ लागली, तेव्हा श्रेय धुण्याला किती आणि औषधाला किती, हे वेगळं काढता येत नाही. गोळी लागण्याचे दिवस कमी झाले, एवढं नक्की. डॉक्टरांनी आता माइटसाठी इम्युनोथेरपीचा, म्हणजे ॲलर्जीचा पदार्थच थोडाथोडा देऊन शरीराला त्याची सवय लावण्याचा, पर्याय समोर ठेवला आहे; ती तीन ते पाच वर्षं चालते, म्हणून ती अजून विचार करते आहे.

दोन गोष्टी शिल्लक आहेत. थोरला मुलगा अजून खोली बंद करूनच कूलर लावतो आणि अलीकडे त्यालाही सकाळी शिंका सुरू झाल्या आहेत. त्याला डॉक्टरांकडे न्यायचं आहे. दुसरी गोष्ट, सासूबाईंच्या खोलीतली कापसाची गादी पिंजून घ्यायची आहे. पिंजाऱ्याला अंगणात बसवायचं नाही, गादी त्याच्या दुकानातच पाठवायची आणि नवीन खोळ घालूनच परत आणायची, असं ठरलं आहे.